हस्तोपचारांच्या तुलनेचा इतिहास : त्रिक-श्रोणी सांध्याच्या वेदनेच्या संदर्भात एक अभ्यास (इ. स. १९०५ ते २०२४)

बीजसंज्ञा : त्रिक-श्रोणी सांधा, हस्तोपचार, भौतिकोपचार, कंबरदुखी, वैद्यकाचा इतिहास

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुतांशी शोधांचा आणि औषधांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. देवीची लस, जंतुशास्त्र, क्ष-किरण, प्रतिजैविके हे त्यातील सर्वपरिचित टप्पे होत. या इतिहासात उपचार करणाऱ्या हाताची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. अंग चोळणे, सांधा ताणणे, हाड ‘बसविणे’ या क्रिया औषधांइतक्याच प्राचीन आहेत. प्राचीन ग्रीसमधील हिपोक्रेटिसच्या परंपरेतील सांध्यांविषयीच्या ग्रंथात पाठीचा कणा ताणण्याच्या आणि दाबण्याच्या पद्धती सविस्तर वर्णिलेल्या आहेत. तथापि या क्रिया करणारे लोक पुढे दीर्घकाळ मान्यताप्राप्त वैद्यकाच्या उंबरठ्याबाहेर राहिले. त्यामुळे त्यांच्या ज्ञानाची परीक्षाही फार उशिरा झाली.

ही परीक्षा कशी झाली, हे समजून घेण्यासाठी त्रिक-श्रोणी सांधा (सॅक्रोइलियाक सांधा) हे एक बोलके उदाहरण आहे. पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेले त्रिकोणी हाड म्हणजे त्रिकास्थी. तिच्या दोन्ही बाजूंना श्रोणीची रुंद हाडे जोडलेली असतात. ती जिथे जोडली जातात तो हा सांधा होय. धडाचे सर्व वजन या दोन सांध्यांमधून पायांकडे जाते. हा सांधा दुखू लागला की कंबरेच्या खाली, नितंबाच्या वरच्या भागात, बहुधा एका बाजूला वेदना जाणवते आणि काही वेळा ती मांडीपर्यंत उतरते. बसून उठणे, जिना चढणे, कुशीवर वळणे यांसारख्या साध्या क्रिया अवघड होतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांना हा त्रास होतो.

या वेदनेवर हाताने उपचार करणाऱ्या अनेक पद्धती विसाव्या शतकात उदयास आल्या. प्रत्येक पद्धतीने आपले स्वतंत्र स्पष्टीकरण मांडले आणि आपणच यशस्वी असल्याचा दावा केला. त्यांची परस्परांशी तुलना मात्र शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ झालीच नाही. ती का झाली नाही आणि झाली तेव्हा काय हाती आले, या प्रश्नांचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. त्रिक-श्रोणी सांध्याविषयीच्या वैद्यकीय मतांत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
२. प्रमुख हस्तोपचार पद्धतींचा उगम, कार्यपद्धती आणि सैद्धांतिक आधार स्पष्ट करणे.
३. या पद्धतींची तुलना करणाऱ्या प्रयोगांचे ऐतिहासिक मूल्यमापन करणे.
४. महाराष्ट्रातील भौतिकोपचाराच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व तपासणे.

अभ्यासाची व्याप्ती :

प्रस्तुत अभ्यास मुख्यत्वे अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इराण येथील घडामोडींशी संबंधित आहे. सांध्याच्या यांत्रिक स्वरूपाच्या वेदनेचाच येथे विचार केला आहे. क्षयरोग किंवा संधिवाताच्या दाहक प्रकारांमुळेही हा सांधा दुखतो, परंतु त्या आजारांचे निदान व उपचार वेगळे असल्याने ते या निबंधाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

विषय विवेचन :

१) हलणारा सांधा की न हलणारी जोड?

त्रिक-श्रोणी सांधा हलतो की नाही, हा शरीररचनाशास्त्रातील एक जुना वाद आहे. बाळंतपणात श्रोणीची हाडे सैल होतात, ही कल्पना प्राचीन काळापासून प्रचलित होती. अन्य वेळी मात्र हा सांधा पूर्णपणे अचल असतो, असे अनेक विद्वान मानत. एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ ल्युश्का याने इ. स. १८५४ मध्ये त्याची गणना खऱ्या, म्हणजे पोकळी असलेल्या सांध्यांमध्ये केली. पुढे इ. स. १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन संशोधकाने गिनीपिगवरील प्रयोगांतून गरोदरपणात श्रोणीचे स्नायुबंध सैल करणाऱ्या द्रव्याचा शोध लावला. तेच आज ‘रिलॅक्सिन’ या नावाने ओळखले जाते.

या वादाला केवळ शास्त्रीय महत्त्व नव्हते. सांधा हलत असेल तरच तो जागेवरून सरकू शकतो, आणि सरकत असेल तरच तो पुन्हा जागेवर बसविता येतो. ‘हाड बसविणे’ या संपूर्ण कल्पनेचा पाया या एका प्रश्नावर उभा होता.

२) बॉस्टन : उदय आणि अस्त

इ. स. १९०५ मध्ये बॉस्टन येथील अस्थिरोगतज्ज्ञ जोएल गोल्डथ्वेट आणि रॉबर्ट ऑस्गुड यांनी ‘बॉस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल’ या नियतकालिकात श्रोणीच्या सांध्यांविषयी एक प्रदीर्घ लेख प्रसिद्ध केला. कंबरदुखीच्या अनेक रुग्णांमध्ये वेदनेचे मूळ त्रिक-श्रोणी सांध्यात असते, हे त्यांचे प्रतिपादन होते. या लेखाचा प्रभाव मोठा होता. पुढील सुमारे तीन दशके कंबरदुखी आणि पायात उतरणारी वेदना यांचे कारण म्हणून डॉक्टर प्रथम याच सांध्याकडे पाहू लागले. पट्टे, प्लॅस्टर आणि हाताने सांधा हलविणे असे उपाय रूढ झाले. बॉस्टनमधीलच स्मिथ-पीटरसन यांनी इ. स. १९२१ मध्ये हा सांधा शस्त्रक्रियेने कायमचा जखडून टाकण्याची नवी पद्धत मांडली. इ. स. १९२८ मध्ये योमन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १०० रुग्णांच्या आधारे सायटिका आणि या सांध्याचा दाह यांचा संबंध दाखविण्याचा प्रयत्न केला.

या मताला धक्का बसला तोही बॉस्टनमध्येच. इ. स. १९३४ मध्ये विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी मणक्यांमधील चकती फुटून मज्जातंतूवर दाब येतो, असे शस्त्रक्रियेच्या आधारे दाखवून दिले. त्यांचा लेख ज्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला, ते म्हणजे गोल्डथ्वेट आणि ऑस्गुड यांचा लेख छापणारेच नियतकालिक होते. इ. स. १९२८ मध्ये त्याचे नाव बदलले होते, इतकेच. या लेखानंतर वैद्यकाचे सारे लक्ष चकतीकडे वळले आणि त्रिक-श्रोणी सांधा जवळजवळ विस्मरणात गेला.

या स्थित्यंतरात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. इ. स. १९०५ नंतर या सांध्यावर ज्यांच्यावर उपचार झाले, त्यांपैकी अनेकांची वेदना प्रत्यक्षात चकतीची असू शकेल, आणि इ. स. १९३४ नंतर चकतीचे म्हणून ज्यांचे निदान झाले, त्यांपैकी काहींची वेदना या सांध्याची असू शकेल. वेदना नेमकी कोठून येते, हे ठरविण्याचे साधन दोन्ही काळांत उपलब्ध नव्हते. वैद्यकाचे मत बदलले, परंतु मोजमापाची उणीव तशीच राहिली.

३) हाताचे वारसदार

डॉक्टरांनी या सांध्याकडे पाठ फिरविली, तरी हाताने उपचार करणाऱ्यांनी फिरविली नाही. त्यांची परंपरा वेगळी होती. इंग्लंडमध्ये हाडे बसविणारे ‘बोनसेटर’ पिढ्यान्पिढ्या काम करीत आले होते. प्रसिद्ध शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी इ. स. १८६७ मध्ये एका व्याख्यानात आपल्या सहकाऱ्यांना बजावले की, हे लोक जे रुग्ण बरे करतात त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. त्यानंतर इ. स. १८७१ मध्ये व्हार्टन हूड या डॉक्टराने रिचर्ड हटन या बोनसेटरकडून शिकलेल्या पद्धतींवर एक पुस्तक लिहिले.

अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी इ. स. १८७४ मध्ये ‘ऑस्टिओपथी’ची घोषणा केली आणि इ. स. १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे विद्यालय स्थापन केले. इ. स. १८९५ मध्ये आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी ‘कायरोप्रॅक्टिक’चा प्रारंभ केला. दोन्ही संप्रदायांच्या मुळाशी एकच कल्पना होती : शरीराची रचना बिघडली की कार्य बिघडते आणि हाताने रचना सुधारली की आरोग्य परत येते. ऑस्टिओपथीने आरंभीच्या काळात रक्ताभिसरणावर, तर कायरोप्रॅक्टिकने मज्जातंतूंवर भर दिला.

भौतिकोपचाराचा उगम याहून वेगळा आहे. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी इ. स. १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशास्त्राची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. तेथील मर्दन आणि व्यायाम यांची परंपरा युरोपभर पसरली. लंडनमध्ये मर्दनाच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांमुळे या व्यवसायाची बदनामी झाली, तेव्हा इ. स. १८९४ मध्ये चार परिचारिकांनी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅस्यूजेस’ची स्थापना केली. हीच संस्था इ. स. १९४४ पासून ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पुनर्वसनातून हा व्यवसाय वाढला आणि इ. स. १९२१ मध्ये मेरी मॅकमिलन यांच्या अध्यक्षतेखाली त्याची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

या व्यवसायात आरंभी प्रामुख्याने स्त्रिया होत्या, आणि डॉक्टरांच्या सूचनेनुसार काम करणे ही त्यांच्या मान्यतेची अट होती. त्यामुळे निदान डॉक्टरचे आणि हात भौतिकोपचारतज्ज्ञाचा अशी विभागणी झाली. उपचार करणाऱ्याला निदानावर प्रश्न विचारण्याचा अधिकार नसल्याने उपचारांच्या तुलनेचा प्रश्नही दीर्घकाळ उपस्थित झाला नाही, असे म्हणता येईल.

४) प्रमुख पद्धती आणि त्यांचे आधार

विसाव्या शतकाच्या मध्यापासून हस्तोपचारांना शिस्तबद्ध रूप मिळाले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जेम्स मेनेल आणि त्यांच्यानंतर जेम्स सिरियॅक्स या डॉक्टरांनी भौतिकोपचारतज्ज्ञांना सांधे हलविण्याचे तंत्र शिकविले. सिरियॅक्स हे बहुतेक कंबरदुखीचे मूळ चकतीतच आहे असे मानणारे होते. तरीही झटका देऊन सांधा हलविण्याचे कौशल्य भौतिकोपचाराच्या अभ्यासक्रमात येण्यास त्यांचे कार्य कारणीभूत ठरले. त्रिक-श्रोणी सांध्याच्या संदर्भात पुढील चार पद्धती महत्त्वाच्या आहेत.

(अ) झटक्याचा उपचार (मॅनिप्युलेशन) : यात सांधा त्याच्या हालचालीच्या शेवटच्या टोकापर्यंत नेऊन अल्प अंतराचा, परंतु वेगवान झटका दिला जातो. बरेचदा ‘कट्’ असा आवाज येतो. ऑस्टिओपथी आणि कायरोप्रॅक्टिक यांतून ही पद्धत आली. सरकलेले हाड जागेवर बसते, हे तिचे पारंपरिक स्पष्टीकरण होय.

(आ) लयबद्ध हालचाल (मोबिलायझेशन) : ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील जेफ्री मेटलँड यांचे कणाविषयक हस्तोपचारावरील पुस्तक इ. स. १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी सांध्याला दिल्या जाणाऱ्या मागे-पुढे हालचालींच्या श्रेणी ठरविल्या. सौम्य श्रेणी वेदनेसाठी आणि वरच्या श्रेणी ताठरपणासाठी वापरावयाच्या, असा त्यांचा क्रम होता. प्रत्येक हालचालीनंतर रुग्णाची पुन्हा तपासणी करून परिणाम पाहण्यावर त्यांचा कटाक्ष असे.

(इ) स्नायूंच्या जोरावर आधारित तंत्र (मसल एनर्जी) : अमेरिकन ऑस्टिओपथ फ्रेड मिचेल (थोरले) यांनी इ. स. १९५० च्या दशकात श्रोणीच्या हालचालींचा सविस्तर आराखडा मांडला आणि त्यातून हे तंत्र विकसित केले. यात रुग्ण स्वतः उपचारकाच्या हाताविरुद्ध काही सेकंद जोर लावतो. नंतर स्नायू सैल सोडला की अवयव थोडा पुढे नेला जातो. रुग्णाच्याच स्नायूंनी श्रोणीचे हाड फिरवून समतोल आणावयाचा, ही त्यामागील कल्पना होय.

(ई) हालचालीसह मोबिलायझेशन : न्यूझीलंडमधील ब्रायन मलिगन यांनी इ. स. १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली. उपचारक हाडाला एका दिशेने सौम्य दाब देऊन धरतो आणि रुग्ण त्याच वेळी दुखणारी हालचाल करतो. ती हालचाल वेदनेशिवाय झाली तरच उपचार पुढे चालू ठेवावयाचा, हा त्यातील नियम आहे. सांध्यातील सूक्ष्म ‘चुकीची स्थिती’ दुरुस्त होते, असे मलिगन यांचे मत होते.

या चार पद्धतींत हाताची क्रिया, वेग आणि रुग्णाचा सहभाग भिन्न आहे. झटक्यात रुग्ण निष्क्रिय असतो, मसल एनर्जी आणि मलिगन पद्धतीत तो सक्रिय असतो. तथापि मेटलँड यांचा अपवाद वगळता तिन्ही पद्धतींचे मूळ स्पष्टीकरण एकाच गृहीतकावर आधारलेले दिसते : हाड चुकीच्या जागी आहे आणि उपचाराने ते योग्य जागी येते. मेटलँड यांनी सिद्धान्त आणि प्रत्यक्ष तपासणी यांच्यामध्ये एक ‘सच्छिद्र विटांची भिंत’ कल्पिली होती. सिद्धान्त काहीही सांगो, रुग्णाची लक्षणे काय सांगतात याला प्राधान्य द्यावे, असा त्याचा आशय होता. पुढील इतिहासाने हीच भूमिका अधिक टिकाऊ ठरविली.

५) हाड सरकते काय?

हे गृहीतक तपासण्याचे साधन स्वीडनमध्ये उपलब्ध झाले. हाडांमध्ये टँटलम धातूचे सूक्ष्म गोळे बसवून दोन कोनांतून क्ष-किरण छायाचित्रे घेतली की हाडाची स्थिती अत्यंत अचूकपणे मोजता येते. बेंग्ट स्टुरेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. १९८९ मध्ये २५ रुग्णांवर केलेली मोजमापे ‘स्पाइन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांत सांध्याचे फिरणे सरासरी सुमारे २.५ अंश आणि सरकणे सरासरी ०.७ मिलिमीटर इतकेच आढळले. शिवाय दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या सांध्यांच्या हालचालीत फरक दिसला नाही. सांधा हलतो हे सिद्ध झाले, पण ती हालचाल इतकी अल्प आहे की जाड स्नायूंवरून बोटांनी ती ओळखणे कितपत शक्य आहे, असा प्रश्न निर्माण झाला.

दुसरा प्रयोग अधिक थेट होता. इ. स. १९९८ मध्ये तुलबेर्ग आणि सहकाऱ्यांनी याच तंत्राने १० रुग्णांमध्ये झटक्याच्या उपचारापूर्वी आणि नंतर हाडांची स्थिती मोजली. उपचारापूर्वी हाताने केलेल्या चाचण्यांत सांधा बिघडलेला वाटत होता आणि उपचारानंतर त्या चाचण्या सुधारल्याचे उपचारकांना आढळले. हाडांची परस्परस्थिती मात्र कोणत्याही रुग्णात बदललेली नव्हती. चाचण्यांवरून ‘हाड बसले’ असे वाटले होते, परंतु हाड हललेच नव्हते.

हाताच्या चाचण्यांविषयीची शंका त्यापूर्वीच व्यक्त झाली होती. इ. स. १९८५ मध्ये पॉटर आणि रॉथस्टाइन यांनी या सांध्याच्या १३ चाचण्या वेगवेगळ्या भौतिकोपचारतज्ज्ञांकडून करवून घेतल्या. त्यांपैकी ११ चाचण्यांत तपासणाऱ्यांचे एकमत ७० टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. ज्या दोन चाचण्यांत एकमत बरे होते, त्या हाडाची स्थिती पाहणाऱ्या नव्हत्या, तर सांध्यावर ताण देऊन वेदना होते का हे विचारणाऱ्या होत्या.

६) वेदना नेमकी कोणाची?

उपचारांची तुलना करण्यापूर्वी तुलनेत कोणते रुग्ण घ्यावयाचे, हे निश्चित करणे आवश्यक होते. इ. स. १९९४ मध्ये फोर्टिन यांनी १० निरोगी स्वयंसेवकांच्या सांध्यात क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाखाली इंजेक्शन देऊन वेदना कोठे जाणवते याचा नकाशा तयार केला. नितंबावरील खळीच्या लगेच खाली, सुमारे ३ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब असा तो पट्टा होता. इ. स. १९९५ मध्ये श्वार्झर, ॲप्रिल आणि बोगडक यांनी कंबरेच्या खालच्या भागातील जुनाट वेदनेच्या ४३ रुग्णांच्या सांध्यात भूल देणारे औषध सोडले. सुमारे ३० टक्के रुग्णांची वेदना त्यामुळे थांबली. त्रिक-श्रोणी सांधा हा कंबरदुखीचा एक खरा, परंतु सर्वांत मोठा नव्हे असा स्रोत आहे, हे यातून स्पष्ट झाले. इ. स. १९०५ चे आणि इ. स. १९३४ नंतरचे अशी दोन्ही टोकाची मते येथे मागे पडली.

न्यूझीलंडचे मार्क लॅस्लेट आणि सहकारी यांनी इ. स. २००५ मध्ये ४८ रुग्णांवरील अभ्यासातून दाखविले की, सांध्यावर ताण देणाऱ्या सहा चाचण्यांपैकी तीन किंवा अधिक चाचण्यांत रुग्णाची ओळखीची वेदना जागी झाली, तर वेदना या सांध्याची असण्याची शक्यता बरीच वाढते. एकही चाचणी सकारात्मक नसेल, तर हा सांधा कारण म्हणून वगळता येतो. अशा रीतीने निदानाची भाषा ‘हाड कसे बसले आहे’ येथून ‘रुग्णाला काय दुखते’ येथे आली.

७) प्रत्यक्ष तुलना

यानंतरच उपचारांची अर्थपूर्ण तुलना शक्य झाली. या क्षेत्रातील काही प्रयोग पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अमेरिकेत फ्लिन आणि सहकाऱ्यांनी इ. स. २००२ मध्ये कंबरदुखीच्या ७१ रुग्णांना त्रिक-श्रोणी भागावर झटक्याचा उपचार दिला. त्यांपैकी ३२ जणांना लक्षणीय आराम पडला. कोणाला आराम पडेल हे सांगणाऱ्या घटकांत वेदना १६ दिवसांहून कमी जुनी असणे, ती गुडघ्याखाली न उतरणे, कामामुळे वेदना वाढेल ही भीती कमी असणे यांचा समावेश होता. त्रिक-श्रोणी सांध्याच्या पारंपरिक चाचण्या मात्र त्या यादीत आल्या नाहीत. म्हणजे सांध्याच्या नावाने दिलेला उपचार उपयोगी पडला, पण तो कोणाला उपयोगी पडेल हे सांध्याच्या तपासणीवरून सांगता आले नाही.

नेदरलँड्समध्ये व्हिसर आणि सहकाऱ्यांनी इ. स. २०१३ मध्ये या सांध्यामुळे पायात वेदना उतरलेल्या ५१ रुग्णांचे तीन गट केले. हस्तोपचाराच्या गटात १८ पैकी १३, सांध्यातील इंजेक्शनच्या गटात १८ पैकी ९ आणि व्यायामप्रधान भौतिकोपचाराच्या गटात १५ पैकी ३ रुग्णांना यश मिळाले. हा निकाल हस्तोपचारांच्या बाजूने ठळक दिसतो. तथापि गट लहान होते आणि पाठपुरावा १२ आठवड्यांचाच होता, हे विसरता येत नाही.

इराणमध्ये या विषयावर उल्लेखनीय काम झाले आहे. कमाली आणि शोक्री यांनी इ. स. २०१२ मध्ये ३२ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात केवळ त्रिक-श्रोणी सांध्यावरील झटका आणि त्याच्या जोडीला कंबरेच्या मणक्यांवरीलही झटका यांची तुलना केली. वेदना दोन्ही गटांत कमी झाली. नेजाती आणि सहकाऱ्यांच्या इ. स. २०१९ मधील ५१ रुग्णांच्या प्रयोगात व्यायाम, झटक्याचा उपचार आणि दोन्ही एकत्र असे तीन गट होते. सहाव्या आठवड्यात झटक्याचा उपचार पुढे होता, बाराव्या आठवड्यात व्यायामाचा परिणाम दिसून आला आणि २४ व्या आठवड्यात तिन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही.

बाळंतपणानंतरच्या वेदनेसंबंधी नॉर्वेतील ब्रिट स्टुगे यांचा इ. स. २००४ मधील प्रयोग महत्त्वाचा आहे. ८१ स्त्रियांपैकी एका गटाला पोट, कंबर आणि श्रोणीभोवतीच्या स्नायूंचे विशिष्ट व्यायाम २० आठवडे देण्यात आले, तर दुसऱ्या गटाला हे व्यायाम वगळून अन्य भौतिकोपचार मिळाले. व्यायामाच्या गटाला अधिक लाभ झाला आणि तो दोन वर्षांनंतरही टिकून होता. या व्यायामांमागील सिद्धान्त रॉटरडॅम येथील व्लेमिंग आणि स्नायडर्स यांनी इ. स. १९९० च्या सुमारास मांडला होता. हा सांधा काही अंशी हाडांच्या आकारामुळे आणि काही अंशी स्नायू व स्नायुबंध यांच्या दाबामुळे स्थिर राहतो, असे तो सांगतो. इ. स. २००८ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी व्यायामाला प्राधान्य दिले आणि हस्तोपचाराचा वापर मोजक्या वेळा, आराम पडतो का हे पाहण्यापुरता करावा, असे सुचविले.

या प्रयोगांत एक अडचण समान आहे. उपचार घेणाऱ्याला आपल्यावर कोणता उपचार होत आहे हे कळते आणि अपेक्षेचाही वेदनेवर परिणाम होतो. शस्त्रक्रियाही याला अपवाद नाही. सांधा जखडण्याची शस्त्रक्रिया एकविसाव्या शतकात लहान छेदाच्या रूपाने परत आली. इ. स. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील प्रयोगात तिची तुलना केवळ छेद घेतलेल्या नकली शस्त्रक्रियेशी केली असता सहा महिन्यांनंतर वेदनेत फरक आढळला नाही. हस्तोपचारांच्या परीक्षेसाठीही अशीच कठोर कसोटी लागू करणे न्याय्य ठरेल.

हाड हलत नसताना आराम का पडतो, याचे उत्तर आता मज्जासंस्थेत शोधले जात आहे. अमेरिकेतील बियालोस्की आणि सहकाऱ्यांनी इ. स. २००९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार हाताचा दाब हा मज्जासंस्थेला मिळणारा संदेश असून, त्यामुळे स्नायूंचा ताण, वेदनेची संवेदना आणि रुग्णाची अपेक्षा यांत तात्पुरते बदल होतात.

८) महाराष्ट्राचा संदर्भ

या इतिहासाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आहे. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेणे, हाडवैद्याकडे जाणे, तालमीतील वस्तादाकडून अंग चोळून घेणे या चाली येथे परिचित आहेत. भौतिकोपचाराचे औपचारिक शिक्षण भारतात प्रथम मुंबईतच सुरू झाले. इ. स. १९५३ मध्ये भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि मुंबई महानगरपालिका यांच्या सहकार्याने के. ई. एम. रुग्णालयात हे विद्यालय स्थापन झाले. इ. स. १९५५ मध्ये भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना अस्तित्वात आली. इ. स. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा संमत केला आणि या व्यवसायाला देशपातळीवर वैधानिक चौकट मिळाली.

मेटलँड, मलिगन आणि मसल एनर्जी या पद्धती आज येथील भौतिकोपचाराच्या शिक्षणात परिचित आहेत. तथापि पद्धतीबरोबर तिचे जुने स्पष्टीकरणही येते. ‘हाड सरकले आहे’ हे वाक्य उसण काढणाऱ्याच्या तोंडी जितके सहज येते, तितकेच ते उपचार केंद्रातही ऐकू येऊ शकते. बाळंतपणानंतर कंबर दुखणाऱ्या स्त्रीला तिची श्रोणी जागेवर नाही असे सांगितले, तर ती वाकण्यास, वजन उचलण्यास, बाळाला कडेवर घेण्यास घाबरू लागते. दर काही दिवसांनी हाड ‘बसवून’ घेण्याची गरज तिला वाटू लागते. उपलब्ध पुराव्यानुसार तिला ज्या व्यायामाचा दीर्घकालीन लाभ होण्याची शक्यता आहे, त्यापासूनच ती दूर जाते. स्पष्टीकरणातील चूक अशा रीतीने रुग्णाच्या आयुष्यात उतरते.

निष्कर्ष :

१. त्रिक-श्रोणी सांध्याविषयीचे वैद्यकीय मत इ. स. १९०५ आणि इ. स. १९३४ या दोन्ही वेळी टोकाला गेले, कारण वेदनेचा स्रोत मोजण्याचे साधन उपलब्ध नव्हते.
२. बहुतेक हस्तोपचार पद्धती ‘हाड सरकते आणि बसविता येते’ या गृहीतकावर उभ्या राहिल्या. इ. स. १९८९ आणि इ. स. १९९८ च्या मोजमापांनी या गृहीतकाला आधार दिला नाही.
३. गृहीतक चुकीचे ठरले म्हणून उपचार निरुपयोगी ठरत नाही. अनेक प्रयोगांत हस्तोपचारांनी अल्प काळात आराम दिल्याचे दिसते.
४. कोणतीही एक हस्तोपचार पद्धती अन्य पद्धतींहून निर्विवादपणे श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही. दीर्घकाळात व्यायाम आणि हस्तोपचार यांतील फरक कमी होत जातो आणि बाळंतपणानंतरच्या वेदनेत विशिष्ट व्यायामाचा लाभ अधिक टिकाऊ असल्याचा पुरावा आहे.
५. बहुतेक प्रयोगांतील रुग्णसंख्या अल्प आहे. त्यामुळे वरील निष्कर्ष मोठ्या आणि अधिक काटेकोर अभ्यासांच्या कसोटीवर तपासले जाणे आवश्यक आहे.

समारोप :

प्रस्तुत विवेचनावरून असे दिसते की, हस्तोपचारांच्या इतिहासात हात आणि सिद्धान्त यांची वाटचाल एकत्र झाली नाही. बोनसेटरपासून भौतिकोपचारतज्ज्ञापर्यंत अनेकांच्या हातांनी रुग्णांना आराम दिला, परंतु तो का मिळतो याचे त्यांनी दिलेले उत्तर टिकले नाही. पॅजेट यांनी इ. स. १८६७ मध्ये डॉक्टरांना या हातांकडे पाहण्यास सांगितले होते. आज भौतिकोपचाराच्या अध्यापकांसमोर त्याच सूचनेची दुसरी बाजू आहे. विद्यार्थ्याच्या हाती कौशल्य देताना, त्या कौशल्याविषयी रुग्णाला काय सांगावयाचे हेही शिकविले पाहिजे. ‘हाड बसवतो’ याऐवजी ‘या उपचाराने काही काळ दुखणे कमी होईल आणि त्या काळात व्यायाम सुरू करू’ असे सांगणे अधिक सत्य आहे, आणि रुग्णाला निर्भयपणे चालू-फिरू देणारेही आहे.